चरातले उंबरे

चाकणच्या अलीकडे, कंपन्यांच्या पत्र्यांमागची टेकडी एके काळी हजामत केल्यासारखी बोडकी होती. ती हिरवी झाली याचं श्रेय बरकतचाचा मंडळाला देत नसत, एका सशाला देत. हा ससा म्हणे अठरा वर्षांपूर्वी पहिल्या शिफ्टला टेकडीवर आला, माणसं खड्डे खणताहेत असं बघून त्यानंही चार खड्डे खणले, आणि ओव्हरटाइम न मागता निघून गेला. नवं माणूस हसलं की चाचा गंभीर चेहऱ्यानं त्यातल्या एका खड्ड्यातला कडुलिंब दाखवत. कडुलिंब खरा होता.

टेकडी राखण मंडळ भोसरीच्या वर्कशॉपमधल्या दहा-बारा कामगारांनी काढलं, चाचा तिथले फोरमन. त्यांची सुट्टी गुरुवारची, म्हणून मंडळाचा वार आजही गुरुवारच. थंडीत गवत कापून जाळपट्टा काढायचा, म्हणजे खालचा वणवा वर चढत नाही. उन्हाळ्यात चर खणायचे, पावसात रोपं लावायची, आणि दिवाळी उलटली की रोपांची हजेरी. बंद पडलेल्या वर्कशॉपचे पितळी बिल्ले चाचांनी जपून ठेवले होते. प्रत्येक रोपाला एक बिल्ला, एक नंबर. वाळलेल्या रोपापुढे ‘मेलं’ असं लिहायची बंदी होती, ‘गैरहजर’ लिहायचं. कारण एक पळस तीन वर्षं गैरहजर राहून चौथ्या वर्षी न सांगता कामावर रुजू झाला होता.

टेकडीवरचे सगळे चर टेकडीच्या अंगानं वळत जातात, म्हणजे पाणी जागच्या जागी थांबून मुरतं. फक्त पहिला चर तसा नाही. तो ऐंशी फूट सरळ उतरतो, लेथवर कातल्यासारखा. चाचांच्या गोष्टीत तो भिवानं आखला होता. भिवा म्हणजे त्यांच्याच वर्कशॉपचा फिटर, पायथ्याच्या गावचा, चाचांचा जिवाभावाचा दोस्त. चर इतका सरळ की भिवा वरच्या टोकाला शिंकला आणि खालच्या टोकाला चाचांची टोपी उडाली. ती अजून सापडलेली नाही. भिवा होता तोवर स्वतःच तंबाखू मळत ही गोष्ट ऐकायचा आणि सगळ्यांच्या आधी हसायचा. त्याला जाऊन चार वर्षं झाली. गोष्ट चालूच राहिली.

यंदा एप्रिलमधल्या चराच्या गुरुवारी मिनलनं, म्हणजे मंडळाच्या हल्लीच्या सेक्रेटरीनं, सगळ्यांना त्या सरळ चरापाशी बोलावलं. ती चाकणच्या एका कंपनीत डिझाइनला आहे. मोजल्याशिवाय बोलत नाही. या चरातून पाणी गटारासारखं धावतं, म्हणाली, गेल्या पावसात खालची अकरा रोपं बिल्ल्यांसकट वाहून गेली. पुढच्या गुरुवारी जेसीबी येईल आणि हा चर बुजवून टाकेल. सगळ्यांनी माना डोलावल्या.

चाचांनी डोलावली नाही. दोरीचं एक टोक भिवाच्या हातात, दुसरं त्यांच्या, असा तो चर निघाला होता. पुढं भिवा जाईपर्यंत चौदा वर्षं दोघांचा चहा त्याच्याच काठावर झाला. त्यांनी नेहमीचं हत्यार काढलं. चरात एक मुंगूस राहतं, ते सरकारी नोकर आहे, त्याला नोटीस दिल्याशिवाय जागा खाली करता येत नाही, असं सांगून पाहिलं. लोक हसले. मिनलही हसली, मग म्हणाली, “चाचा, तुमच्या गोष्टीनं पाणी थांबत नाही ना पण.”

पाणी कशानं थांबेल ते चाचांना ठाऊक होतं. अठरा वर्षं ठाऊक होतं. पण ते सांगायचं तर गोष्ट मोडायला लागणार होती, आणि समोर भिवाची बायको भिमाबाई भाकऱ्यांची पाटी घेऊन बसली होती. शेजारी तिची नात मैत्री, यंदा पहिल्यांदाच आलेली. आजोबांच्या शिंकेवर ती नुकतीच पोट धरून हसली होती.

चाचा चराच्या काठावर टेकले. गुडघे कुरकुरले.

“रेघ माझी होती,” ते म्हणाले.

मग सगळं सांगितलं. भिवा म्हणत होता, पाण्याला वळण दे. फोरमन बरकत म्हणाला, वाकडा जॉब माझ्या हातून जाणार नाही. भिवानं वाद घातला नाही. खणताना मात्र दर दहा फुटांवर त्यानं अर्धा हात उंचीची माती आडवी तशीच ठेवली, घराच्या उंबऱ्यासारखी, पाणी अडायला. संध्याकाळी फोरमननं पाहिलं आणि फिनिशिंग बिघडलं म्हणून सगळे उंबरे फावड्यानं तासून काढले. पहिल्या पावसात माती वाहून गेली. हा चर कुणी काढला म्हणून मंडळात विचारणा झाली, तेव्हा हाताखालची सात पोरं फोरमनच्या तोंडाकडं बघत होती. भिवा म्हणाला, माझीच रेघ.

मग मंडळातल्या सिद्धेशनं मांडीवर थाप मारली. “चाचा, ही सगळ्यात भारी होती. उंबरे म्हणे.” आणि सगळी टेकडी हसली.

आयुष्यभर माणसं हसवलेल्या बरकतचाचांना त्या दिवशी कळलं, हसणं टोचतंही. खोटं बोलले असते तर दोन-चार पुरावे तरी दिले असते.

“खरं बोलत्यात ते,” भिमाबाई म्हणाली.

पाटीवरचं फडकं तिनं नीट केलं. “त्या सांजंला घरी आले नि म्हनले, बरकतला सरळच दिसतं, त्याला त्याचा इलाज न्हाई. पोरांम्होरं त्याला कशाला खाली बघाया लावू? पानी शिकवील त्याला.”

“वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं? मग एवढी वर्षं मला बोलला का नाहीत?”

“त्येंनी कधी टोकलं न्हाई, मग मी कशाला? आन् ते गेल्यावर, बरकतभाऊ, त्येंचं नाव तुमच्याच गोष्टीत तेवढं ऐकाया मिळायचं. दर साली त्याच्यासाठीच तर चढून येती.”

मिनल चरात उतरली, टेप लावला, दहा फुटांवर खडूनं खूण केली, पुढं पुन्हा दहा. आठ कप्पे पडतील, म्हणाली, पाणी बसेल त्यात. तिनं फोन काढला आणि जेसीबीवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं.

दुपारपर्यंत हातोहात दगड येत राहिले. पहिला उंबरा रचताना चाचांचा हात सवयीनं खिशातल्या स्पिरिट लेव्हलकडं गेला. तो त्यांनी तसाच रिकामा बाहेर काढला. मैत्रीनं विचारलं, उंची किती ठेवायची?

“तुझ्या आजोबांनी अर्धा हात ठेवली होती. तुझाच हात लाव.”

दिवाळीनंतरच्या हजेरीला खालची नवी अकराच्या अकरा रोपं हजर निघाली. त्या गुरुवारी कॉलेजची नवी पोरं आली होती. सरळ चर बघून त्यांनी विचारलंच. चाचांनी घसा साफ केला. हा चर बरकत नावाच्या एका अडाणी फोरमननं आखला, म्हणाले, आणि भिवा नावाच्या हुशार फिटरनं सुधारला. आधी भिवा वर शिंकला की खाली टोपी उडायची. आता उंबरे असल्यामुळं शिंक तिसऱ्या उंबऱ्याशीच अडते.

भिमाबाई भाकरीवर ठेचा वाढत होती. तिनं मान वर केली नाही.

“दुसऱ्या,” ती म्हणाली.