आईला कुठे घातलंत?

घानाच्या कुमासी शहरातल्या आमच्या बस कंपनीच्या संगणकात खात्यांची यादी इतकी लांबली होती, की डिझेलचं खातं सापडेपर्यंत बस ताकोरादीला पोचायची. डिझेलचीच खाती एकोणीस. शेजारच्या मार्गाचं डिझेल आपल्या नावावर चढतंय असा प्रत्येक मुकादमाला संशय, म्हणून प्रत्येकाचं वेगळं. टायरांचं तेच. साबणाचं तर विचारूच नका.

सॉफ्टवेअर पाचशे खात्यांपर्यंतच स्वस्त होतं आणि आम्ही काठावर आलो होतो. मालक ओबेंग-डार्को यांनी सेर्वा नावाची हिशेबनीस आणली. यादी निम्मी झाली तर नोकरी कायम, नाहीतर नारळ.

कोणती खाती एकत्र करू, असं सेर्वाने प्रत्येकाला विचारलं. सगळ्यांचं एकमत झालं: बाकीच्यांची.

सर्वांत जास्त खाती अंत्यविधींची होती. आमच्याकडे कुणाचं माणूस गेलं की कंपनी देणगी देते, ती शनिवारी मंडपात कर्ण्यावरून पुकारली जाते, आणि वर्ष भरलं की पुन्हा. म्हणून प्रत्येक मृताचं स्वतंत्र खातं. सेर्वाने एके सकाळी ती सगळी 'अंत्यविधी' नावाच्या एकाच खात्यात ओतली.

दुपारी मुकादम बोआटेंग आला. वाचे म्हणजे आमच्याकडचा चवळी-भात; त्याचा डबा त्याने टेबलावर ठेवला, पण उघडला नाही.

"मॅडम, माझ्या आईला कुठे घातलंत?"

"सगळ्यांबरोबर, एकाच खात्यात."

"त्या शेजारच्या मार्गाच्या मुकादमाच्या, अजेमानच्या मामाबरोबर?"

"ते पण आहेत त्यात."

"मरेपर्यंत ती त्या माणसाशी बोलली नाही," बोआटेंग म्हणाला. "आणि तुम्ही एका सकाळीत दोघांना एका खोलीत कोंडलंत."

संध्याकाळपर्यंत डेपोभर झालं, की सगळं एका पातेल्यात ओतणाऱ्या बाईला आपली पळी कुठे फिरते ते इतरांना दिसू द्यायचं नसतं. तिचे बूट नवे आहेत, हेही तेव्हाच लोकांच्या लक्षात आलं. बूट मागच्या वर्षीचे होते. पुसलेले होते एवढंच.

सेर्वाने वाद घातला नाही. खातं एकच ठेवलं, पण प्रत्येक नोंदीला मृताच्या नावाचा टॅग लावला. बटण दाबलं की एकेकाचा वेगळा कागद.

"टॅग गळून पडला तर?" बोआटेंगने विचारलं. मग आईचा कागद छापून घेतला, मामाचाही छापून घेतला, आणि मामाच्या कागदावर आई कुठे नाही ना, हे दोन्ही बाजूंनी पाहिलं. कोऱ्या बाजूने जरा जास्त वेळ. शेवटी डबा उघडला. डिझेललाही असंच करा म्हणाला. त्यात अजेमानचा कागद आपल्याला बघायला मिळेल, हे त्याने बरोबर ओळखलं होतं. ते ऐकून अजेमानही तयार झाला.

यादी निम्म्याहून खाली आली. सेर्वा कायमपणाचं पत्र मागायला निघाली, तेवढ्यात यादीच्या तळाशी एक नवं खातं दिसलं: 'सेर्वावर नजर'.

"हे काय, मालक?"

"एवढी खाती गेली आणि कुणी तक्रार करत नाही," मालक म्हणाले. "मला ते बरं वाटत नाही."

सेर्वा जागेवर परतली. त्या खात्याखाली तिने आणखी एक उघडलं, 'मालकांवर नजर', आणि त्याचा कागद छापून मालकांपुढे ठेवला.

मालकांनी तो सावकाश वाचला. उलटून कोरी बाजूही पाहिली. मग पत्रावर सही केली.

"आता तू इथली झालीस," ते म्हणाले.