सलूनच्या खुर्चीने ऐकलेलं स्पॅनिश

मित्रांनो, खुर्ची मिळवण्यासाठी माणसं किती भांडतात, हे तुम्ही रोज ऐकता. माझ्यासाठी मात्र कुणी भांडत नाही. माझ्यावर जो बसतो त्याचे केसच जातात! मी एका सलूनमधली जुनी खुर्ची आहे, आणि स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती करू नये, पण मला थोडंफार स्पॅनिशही येतं. हसू नका. कसं आलं ते सांगते.

माझा पाय भट्टीत वितळवलेल्या लोखंडातून ओतला गेला. एका कारागिराने त्यावर पाठ आणि हात बसवले, दुसऱ्याने लाल रेक्झिन ताणून कडेने पितळी खिळे ठोकले. पायाशी एक दांडी आहे. ती दाबली की मी वर जाते, आणि बाजूची कळ ओढली की मागे रेलते. मालकांनी नवं सलून थाटलं तेव्हा ते मला घेऊन आले. भिंतभर आरसा, त्याच्यासमोर मी. जो तो बसून म्हणायचा, "वा! उठावंसंच वाटत नाही." हे ऐकून मी अशी काही फुगायचे की खिळे सुटतील की काय असं वाटायचं.

आता माझ्या मालकांची गंमत ऐका. ते दिवसभर गिऱ्हाइकाच्या पाठीमागे उभे राहतात आणि समोरच्या आरशात बघून बोलतात. आरशात बघून त्यांची जीभ कात्रीच्या वरताण चालते. पाऊसपाणी, भाव, कुणाच्या पोराला नोकरी लागली, कुणाची गाडी बंद पडली, सगळं आरशातून. पण तोच माणूस रस्त्यात समोरासमोर भेटला, की मालक "हं... हं..." करून चपलांकडे बघत उभे! मालकीणबाई म्हणतात, "आमचे हे आरशापुढे पोपट आणि माणसापुढे मुके. मलाही काही विचारायचं असलं तर मीच जाऊन खुर्चीत बसते." आणि खरंच बसतात हो. घरातले कितीतरी निर्णय माझ्यावर बसून झाले आहेत.

त्यांना एकच मुलगी, छकुली. लहानपणी माझ्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाकून तिला बसवायचे, कारण त्याशिवाय तिचं डोकं आरशात दिसायचंच नाही. ती आरशातल्या बाबांना जीभ काढून दाखवायची, आरशातले बाबा डोळे वटारायचे. शाळेत मार खाल्ला, मैत्रिणीशी कट्टी झाली, नर्स व्हायचंय, परदेशात नोकरी मिळाली. तिने प्रत्येक गोष्ट आधी आरशातल्या बाबांना सांगितली. आणि मग ती गेली, सातासमुद्रापार. तिथे सगळे स्पॅनिश बोलतात.

एकदा ती सुट्टीवर आली आणि केसांची टोकं कापून घ्यायला माझ्यावर बसली. मालक मजेत गुणगुणत होते. ती आरशात बघून म्हणाली, "बाबा, मला एक मुलगा आवडलाय. तिथलाच आहे. त्याच्या वडिलांची बेकरी आहे."

कात्री थांबली. मालकांनी आरशावरची नजर काढून घेतली. इतक्या वर्षांत असं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी कात्री खणात टाकली, "उरलेलं आईकडून कापून घे," म्हणाले आणि बाहेर निघून गेले. छकुली किती तरी वेळ अर्ध्या कापलेल्या केसांनी तशीच बसली होती. तिची आसवं माझ्या हातावर पडली, आणि मला फार वाईट वाटलं. लोखंडाचा पाय असला म्हणून काय झालं?

त्यानंतर अबोला. छकुलीचा फोन आला की मालक एवढंच म्हणत, "आईला देतो."

त्याच सुमारास माझेही दिवस फिरले. दुकानात नवी काळी खुर्ची आली, चकचकीत, नाकाने कांदे सोलणारी. मला आरशाच्या टोकाला, घरात जाणाऱ्या मधल्या दाराजवळ सरकवलं. माझं रेक्झिन फाटलं होतं, दांडीला तेल नव्हतं. माझ्यावर ओले टॉवेल टाकू लागले. एक वेळ गिऱ्हाइकाचं वजन परवडलं, पण टॉवेल वाळत घालायची दोरी होणं? असो. नवं ते सोनं, जुनं ते अडगळ.

मग एका दुपारी छकुलीचा फोन आला. मालकीणबाईंनी मुद्दामच तो मोठ्या आवाजावर लावला आणि आरशापुढच्या फळीवर ठेवला.

"बाबा, त्याचे वडील तुम्हाला भेटायला येताहेत. मी आणते त्यांना. त्यांना स्पॅनिशशिवाय काही येत नाही."

मालक वस्तऱ्याला धार लावत राहिले.

"ते म्हणतात, ज्या घरात मुलीचा बाप मला 'या' म्हणणार नाही, तिथली मुलगी मी सून म्हणून नेणार नाही. बापाचं मन दुखवून आणलेल्या सुनेला माझ्या घरात सुख कसं लागेल? मी म्हटलं, मी सांगीन ना तुम्हाला बाबा काय म्हणतात ते. तर म्हणाले, ते तुझे शब्द होतील. बाबा, एक शब्द म्हणाल? आणि म्हणायचाच नसेल तर तसं सांगा. मी त्यांना येऊच देत नाही. मग मी लग्न करणार नाही, तुमच्याशी भांडणारही नाही."

फोन बंद झाला. मालकीणबाई तरातरा आल्या, माझ्यावरचे टॉवेल ढकलून बसल्या आणि आरशात बघून म्हणाल्या, "अहो, पोरीने चोरी केलीय का? माणूस एवढ्या लांबून तुमचा एक शब्द ऐकायला येतोय. तेवढाही महाग झाला का?"

मालकांनी वस्तरा मिटून खणात ठेवला. पण दुसऱ्या दिवशी कप्तान दाढीला आले तेव्हा मालकांनी हळूच विचारलं, "कप्तान, तुम्हाला स्पॅनिश येतं ना?"

कप्तान म्हणजे जहाजावरचे निवृत्त आचारी. जहाज त्यांनी कधी चालवलं नाही, पण गप्पा अशा मारतात की सगळी गल्ली त्यांना कप्तानच म्हणते. त्यांची निम्मी हयात स्पॅनिश बोलणाऱ्या बंदरांवर भाजी आणि मासे घेण्यात गेली. ते खूश होऊन ताडकन उठून बसले.

"अरे, हलू नका! वस्तरा गळ्यावर आहे," मालक ओरडले.

असा शिकवणीचा श्रीगणेशा झाला. गुरू फेसात बुडालेले आणि शिष्याच्या हातात वस्तरा. सकाळी 'बुएनोस दिआस', दुपार झाली की 'बुएनास तार्देस'. 'कोमो एस्ता उस्तेद?' म्हणजे आपण कसे आहात? त्यावर 'मुय बिएन, ग्रासिआस', म्हणजे छान, धन्यवाद. आणि पहिल्यांदा भेटलं की 'मुचो गुस्तो', भेटून आनंद झाला.

"आणि नीट ऐक," कप्तान एका गालावरचा फेस पुसत म्हणाले, "त्यांच्यातही अरे-तुरे आणि अहो-जाहो आहे. 'तू' म्हणजे तूच, आणि 'उस्तेद' म्हणजे आपण. व्याह्यांना उस्तेदच म्हणायचं. पहिल्याच भेटीत अरे-तुरे केलंस तर वरात निघायच्या आधीच परत जाईल."

"त्यांच्यात व्याह्यांना शब्द आहे?" मालकांनी विचारलं.

"आहे की! कोन्सुएग्रो."

मालकांनी तो शब्द दोनदा पुटपुटून पाहिला. ज्यांच्या भाषेत व्याह्यांना शब्द आहे, ती माणसं अगदीच परकी नसावीत, असं त्यांना वाटलं असावं. निदान मला तरी तसं वाटलं.

सगळ्यात महत्त्वाचे शब्द कप्तानांनी घोटून घेतले: 'पासे', म्हणजे आत या, आणि 'सिएन्तेसे', म्हणजे बसा. मग काय विचारता! जो येईल तो व्याही. पोस्टमन दारात आला की मालक आरशातून म्हणत, "पासे, पासे! सिएन्तेसे!" तो बिचारा पत्र टाकायला आलेला, दाढी करून जायचा. आमच्या गल्लीत हळूहळू सगळेच "बुएनोस दिआस" म्हणू लागले. मीही टॉवेलांखाली बसून एकेक शब्द घोकत होते. रिकामं बसण्यापेक्षा ते बरं.

फक्त एका ठिकाणी गाडी अडली. कप्तान म्हणाले, "माझी मुलगी, 'मी इखा'. आणि आपली मुलगी, 'नुएस्त्रा इखा'. व्याह्यांना हे दुसरं म्हण. त्यांना बरं वाटेल."

मालकांनी वस्तरा झटकला. "मी इखा. माझी मुलगी. आपली-बिपली काही नाही अजून."

"अरे, शब्द म्हणायला काय जातं?"

"मुलगी जाते," मालक म्हणाले. कप्तानांनी मुकाट्याने गाल पुढे केला.

तो दिवस आला. पाहुणे संध्याकाळी यायचे होते, म्हणून मालकांनी दुकान उघडं ठेवलं होतं. कप्तानही व्याह्यांसमोर तरुण दिसायचं म्हणून केसांना रंग लावून नव्या खुर्चीवर बसले होते. आणि भर दुपारीच घराची घंटा वाजली! मधल्या दारातून घराचं दार मला सरळ दिसतं. छकुली उभी होती, आणि तिच्या मागे एक धिप्पाड, पांढऱ्या मिशांचा गृहस्थ, बाहेरच थांबलेला. हातावर भट्टीच्या चटक्यांचे डाग. बूट पुसलेले, पण उंबऱ्याच्या आत टाकलेले नाहीत.

मालक ब्रश खाली ठेवून धावत गेले. समोर उभे राहिले. तोंड उघडलं.

काही नाही! अहो, एक अक्षर नाही! समोर आरसा नव्हता ना. समोर होता जिवंत माणूस, त्याचे खरे डोळे मालकांच्या डोळ्यांत बघत होते. मालकांच्या कपाळावर घाम आला. मी इथून मनात ओरडत होते, "पासे! म्हणा ना, पासे!" माझं ओरडणं कोण ऐकणार?

पाहुणे वाट बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उतरला. मालकीणबाई पुढे झाल्या, हात जोडून, हाताने खूण करून त्यांना आत घेऊ लागल्या. पाहुण्यांनी नम्रपणे मान हलवली आणि ते तिथेच उभे राहिले. छकुली रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, नसेल म्हणायचं तर राहू दे. मी त्यांना परत नेते."

मालक वळले आणि सरळ दुकानात पळून आले. कप्तानांच्या मागे उभे राहून त्यांनी ब्रश उचलला.

"काय रे, काय झालं?" कप्तानांनी विचारलं.

"सगळं विसरलो. आणि माझी पोर समजतेय की मी मुद्दाम बोललो नाही."

पाहुणे मात्र परत गेले नव्हते. निघण्याआधी या माणसाच्या तोंडून निदान 'नाही' एवढं तरी ऐकून जावं, असं त्यांच्या मनात आलं असेल. ते घराला वळसा घालून गल्लीतून दुकानाच्या दाराशी आले, आणि तिथेही पायरीवरच थांबले. छकुली त्यांच्या मागे. दुकानाच्या दारात कुणी उभं राहिलं की मालक मागे वळून बघत नाहीत. त्यांनी सवयीने आरशात पाहिलं. आरशात पांढऱ्या मिशांचा माणूस उभा होता.

'मागे वळ' असं सांगायला कप्तानांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. ते फार बरं केलं त्यांनी.

"बुएनास तार्देस," मालक आरशात बघून म्हणाले. आवाज जरा चिरका निघाला. त्यांनी घसा साफ केला. "पासे. पासे, पासे! सिएन्तेसे!"

पाहुण्यांच्या मिशा हलल्या. ते आत आले. नव्या खुर्चीत तर कप्तान रंगाचं डोकं घेऊन अडकलेले! मालकांनी झटकन माझ्यावरचे टॉवेल उचलले, आणि पाहुणे माझ्यावर बसले. त्यांच्या वजनाने मी अशी करकरले की लाजच वाटली. पण बसले हो, माझ्यावरच बसले!

मालकांनी कापड झटकलं, त्यांच्या गळ्याभोवती बांधलं आणि मागे उभे राहिले. आता काय, गाडी रुळावर.

"कोमो एस्ता उस्तेद?"

"मुय बिएन, ग्रासिआस. इ उस्तेद?" म्हणजे, आणि आपण?

"मुय बिएन. मुचो गुस्तो, कोन्सुएग्रो!"

व्याही म्हटल्यावर ते गृहस्थ मोठ्याने हसले, आणि मग भडाभडा बोलू लागले. मालकांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. ते "मुय बिएन, मुय बिएन" म्हणत मिशीची टोकं कातरत होते. दारात छकुली उभी होती. मालकांना ती आरशात दिसली, तिची नजर त्यांच्यावरच होती. त्यांनी कात्री ठेवली, कंगव्याने आरशातल्या छकुलीकडे खूण केली आणि म्हणाले, "मी इखा."

"सी," पाहुणे मान हलवून म्हणाले. "सु इखा." तुमची मुलगी.

मालक काही वेळ माझ्या पाठीवर हात ठेवून उभे होते. त्या हाताला घाम होता. मग ते निघाले आणि माझ्यासमोर आले. मित्रांनो, इतकी वर्षं मी या दुकानात आहे, पण बोलण्यासाठी मालक पुढे येऊन उभे राहिलेले मी कधी पाहिले नव्हते. त्यांनी आरशाकडे पाठ केली, पाहुण्यांच्या खऱ्या डोळ्यांत पाहिलं आणि सावकाश म्हणाले,

"नुएस्त्रा इखा."

आपली मुलगी.

पाहुणे कापडासकट उठले आणि त्यांनी मालकांना मिठी मारली. छकुली तोंडावर हात ठेवून रडत होती. मालकीणबाई तिला म्हणाल्या, "रडतेस काय, चहा टाक." आणि स्वतःच पदराने डोळे पुसत बसल्या. या सगळ्या गोंधळात कप्तानांच्या डोक्यावरचा रंग इतका वेळ राहिला की ते पुढे बरेच दिवस जांभळे दिसत होते. पण त्यांनी तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी माझ्या दांडीला तेल घातलं आणि फाटलेलं रेक्झिन बदललं. माझ्यावर आता टॉवेल टाकत नाहीत. ही जागा व्याह्यांची, असं ते गिऱ्हाइकांना सांगतात.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आम्हा जुन्या वस्तूंना अधूनमधून तेलाचा थेंब द्या, आम्ही करकरतो ते रागाने नाही. आणि दारात कुणी आलं तर आधी 'या, बसा' म्हणा. नीट नाही जमलं तर चुकत म्हणा, पण म्हणा. बाहेरच्या माणसाला तुमच्या मनातलं ऐकू येत नाही.

अरे हो, सांगायचं राहिलंच. मालकांनी काल माळ्यावरून ती लहान मुलांची फळी काढली. ओल्या फडक्याने पुसून माझ्या दोन्ही हातांवर आडवी ठेवून पाहिली. अजून बरोबर बसते.