हावर्न मचव्यावरचे बारा घाव

भट्टी पेटलेली होती, पण तापवायला लोखंड नव्हते. ऐरणीवर एक कागद पडला होता. त्याच्या एका बाजूला माझा धनी आर्नफिन उभा होता, दुसऱ्या बाजूला वसुली कचेरीतल्या सोल्वायबाई. मी भिंतीला टेकून होतो. आठ किलो लोखंडाचा मी, पण त्या कागदाचे वजन मला पेलवेना.

मित्रांनो, मी एक जुना घण आहे. नॉर्वेच्या उत्तरेकडील एका खडकाळ बेटावर आर्नफिनच्या आजोबांनी मला घडवले. तापवले, ठोकले आणि लालबुंद असतानाच समुद्राच्या पाण्यात बुडवले. माझी पहिली आठवण एका किंकाळीची आहे, आणि ती माझीच होती. पुढे साठ वर्षे मी इतरांना किंचाळायला लावले : वाकलेली सुकाणी, अडकलेले दांडे, गंजून एकजीव झालेले लोखंड. धक्क्यावरची माणसे म्हणत, आर्नफिनच्या घणाला समुद्रही वचकून असतो. त्या कौतुकाने मी माजलो, हे कबूल करतो.

तो कागद हिल्मारच्या कर्जफेडीच्या कराराचा होता. हिल्मार म्हणजे आर्नफिनचा बालमित्र, ‘हावर्न’ मचव्याचा मालक. बँक, जाळीवाला आणि नवे इंजिन बसवून देणारा आर्नफिन, अशा तिघांचे देणे त्याच्या डोक्यावर चढले होते.

“अठ्ठेचाळीस हजार क्रोनर माझे,” अखेर आर्नफिन म्हणाला, “आणि हातात येणार नऊ?”

“पाच वर्षांत, हप्त्याहप्त्याने. हिल्मारना पोटापुरतं ठेवायचं, उरेल ते तिघांनी वाटून घ्यायचं. पाच वर्षांनी बाकीचं माफ.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“बँक हो म्हणाली आहे. न्यायालय हा करार तुमच्यावरही बंधनकारक करेल. आणि तो मचवा विकायला लावलात, तर तुमच्यापर्यंत नऊसुद्धा पोचायचे नाहीत.”

“बँकेला काय जातंय हो म्हणायला! तिला ना पोट, ना पाठ!” असे म्हणत त्याने सही ठोकली.

त्या हिवाळ्यात आर्नफिनला पोलादवाल्याचे बिल भागवण्यासाठी लोखंड कातायचे लेथ यंत्र विकावे लागले. जिथे ते होते तिथे तेलाचा काळा चौकोन उरला. इकडे हिल्मार मात्र कित्येक वर्षांनी शांत झोपू लागल्याचे त्याची बायको सांगे. आलेले प्रत्येक टपाल तो आता स्वतः उघडून वाची. एकच करार एका घरात श्वास होऊन आला आणि दुसऱ्या घरात दात होऊन.

मग मार्च आला, आणि मोठे कॉड मासे किनाऱ्याशी आले. आमच्याकडे मचवा लागला की धक्क्यावर उभ्या असलेल्याला कालवणापुरता मासा द्यायचा, पैसे घ्यायचे नाहीत. बावीस वर्षे हिल्मारचा पहिला मासा, यकृत-गाबोळीसकट, आर्नफिनच्या पिशवीत पडत आला होता. त्या सकाळी हिल्मारने मास्तरांना मासा दिला, टपालवाल्याला दिला, म्हाताऱ्या पेत्राला दिला. आर्नफिनकडे त्याने पाहिलेदेखील नाही.

“काय आर्नफिन, आज नुसतेच बटाटे वाटतं?” पेत्रा हसली.

रिकामी पिशवी धक्क्यावर टाकून तो भट्टीवर आला, त्याने मला उचलले आणि थेट ‘हावर्न’वर चढला.

पहिल्या घावात सुकाण्याच्या खोलीची काच फुटली. दुसऱ्यात चाक तुटले. मग तो खाली उतरला आणि त्याच्याच हातांनी बसवलेल्या इंजिनावर त्याने मला आदळले, पुन्हा पुन्हा. बीड तडकले, नळ्या फाटल्या, गरम तेल त्याच्या तोंडावर उडाले. माझ्यात कुठेतरी जुना माज जागा झाला, मित्रांनो. मला ते आवडू लागले. बाराव्या घावाच्या वेळी हिल्मार मध्ये पडला. मला थांबता आले नाही. त्याच्या मनगटाचे हाड वाळक्या फांदीसारखे मोडले.

“घोड्या!” तो रक्ताळलेला हात धरून ओरडला. “कागदात लिहिलंय, ज्यांचं देणं आहे त्यातल्या एकालाच वेगळं काही दिलं तर करार मोडेल! जाळीवाला धक्क्यावरून बघत होता!”

“अरे, कालवणाचा मासा कधी कोणी पैशात धरलाय का?”

“मला काय माहीत? आता मी श्वाससुद्धा त्या कागदाला विचारून घेतो!”

“मग मला सांगायचंस, लेका!”

“तू भेटतोस कुठं? सहीपासून माझ्या दारात आलायस का?”

आर्नफिनचा हात सैल झाला. मी तेलात पडलो. इंजिन नाही तर मासे नाहीत, मासे नाहीत तर हप्ता नाही, आणि हप्ता चुकला तर करार मोडून बँक मचवा नेणार. आर्नफिनचे नऊ हजारही त्याबरोबर बुडणार. ते इंजिन दुरुस्त करू शकेल असा बेटावर एकच माणूस होता, आणि त्याच्या तोंडावरून तेल ओघळत होते.

मित्रांनो, माझ्यासारख्याला उचलण्याआधी समोरच्याला एक प्रश्न विचारत जा : ‘असं का केलंस?’ असा करार देणे वाटून देतो, धनको आणि ऋणको दोघांनाही बांधतो. पण ज्या गोष्टी त्यात लिहिलेल्या नसतात, त्या माणसांनीच एकमेकांच्या दारात जाऊन बोलायच्या असतात. न बोललेले फार लवकर तापते. आणि तापलेल्या वस्तूचे काय होते, ते मला माझ्या जन्मापासून माहीत आहे.

“मचवा उद्या माझ्याकडे ओढून आणू,” आर्नफिन खालच्या आवाजात म्हणाला. “मी जोडतो. पैसे नकोत. हिल्मार, आणू ना?”

हिल्मारने मोडलेले मनगट छातीशी धरले. फुटलेल्या इंजिनाकडे पाहिले, मग आर्नफिनकडे. एका हाताने शिडी धरून तो धक्क्यावर चढला, आणि वाळत घातलेल्या माशांच्या रांगांमधून, मागे न बघता, चालत गेला.