दुसरी रेघ

चौथा खिळा पत्र्यात अर्धा शिरला आणि खालच्या खुराड्यातून मास्तरीण किंचाळत बाहेर पडली.

हातोडा हवेतच राहिला. शिडीवर उभ्या उभ्या त्याने पाहिलं. पिसं पिंजारलेली, मान ताठ केलेली ती तांबडी कोंबडी पाण्याच्या टाकीला वळसा घालून सरपणाच्या ढिगावर चढली आणि तिथून साऱ्या जगाला शिव्या द्यायला लागली. एकोणीस दिवस ती दाण्यापाण्यापुरतीच काय ती उठत होती. वर्गावर नजर ठेवावी तशी अंड्यांवर नजर ठेवून बसायची, म्हणून तर ताईने तिचं नाव मास्तरीण ठेवलं होतं.

तो शिडी उतरला नाही, घसरलाच. खुराडं आईच्या वेळचं, चाळीस कोंबड्यांचं, वाकलं की माणूस आत शिरेल एवढं होतं. आतल्या अंधारात पेंढ्याच्या खळग्यात अकरा अंडी एकमेकांना टेकून पडली होती. त्याने तळहात ठेवला. गरम होती. अजून गरम होती.

‘पत्रा वाजतोय तर वाजू दे,’ गिरणीवर निघताना ताईने बजावलं होतं. ‘पिल्लं निघेपर्यंत त्या बाजूला ठोकाठोकी करायची नाही.’ तो ‘हो’ म्हणाला होता. मग वारा सुटला आणि पत्रा असा थडथडायला लागला की त्याच आवाजाने कोंबडी उठेल असं त्याला वाटलं. चार खिळ्यांचं तर काम. ताई येईपर्यंत आटोपेल, आणि तिने वर पाहिलं की तिला दिसेल. आगीतून उठून फुफाट्यात पडायचं ते हे असं.

तो मास्तरणीमागे गेला. दाणे टाकले, चुचकारलं, गोडीगुलाबीने नाव घेतलं. तिने हातावर चोच मारून रक्त काढलं आणि कुंपणाच्या काटेरी जाळीत जाऊन बसली. दुसऱ्यांदा गेला तर जाळीच्या पार आत. तो परत खुराड्याकडे धावला. वारा दारातून सरळ आत शिरत होता. वरच्या बाजूची दोन अंडी हाताला कोमट लागली.

मग त्याने विचार करणं सोडून दिलं. आत शिरून दाराला पोतं लावलं, सदरा पँटमध्ये नीट खोचला, वरची बटणं सोडली आणि एकेक अंडं उचलून आत, पोटाशी सोडलं. अकराही. वरून स्वेटर ओढला, पेंढ्यात कुशीवर झाला आणि गुडघे छातीशी घेतले. पोटावर अकरा गोल, गुळगुळीत ओझी विसावली. जरा कूस बदलली असती तरी काहीतरी फुटलं असतं.

बाहेर पत्रा वाजतच होता. तीन खिळ्यांनी त्याला काही फरक पडला नव्हता.

बारा दिवसांपूर्वी तो या घरी आला, तेव्हाही ताईच्या हातात अंडंच होतं. कोठीच्या अंधारात बसून ती एकेक अंडं बॅटरीच्या झोतापुढे धरत होती. आत जीव धरलाय की नाही ते सातव्या दिवशी उजेडात कळतं. दारात तो उभा आहे हे तिला कळलं होतं, पण तिने हातातलं अंडं खाली ठेवलं नाही. ते तसंच झोतापुढे धरून ती कितीतरी वेळ बघत राहिली.

“किती दिवसांसाठी आलायस?” तिने विचारलं होतं. नऊ वर्षांनी भेटलेल्या भावाला पहिलं वाक्य हे.

“तू म्हणशील तितके.”

ताईने कोळशाचा तुकडा उचलला, त्या अंड्यावर काहीतरी ओढलं आणि ते बाकीच्यांत ठेवलं.

“ही सगळी निघेपर्यंत राहा. सगळी निघाली की जा.”

तेवढ्यावर तो राहिला. पंपाचं वायसर बदललं, फाटकाची बिजागरी बसवली, शिडीच्या दोन पायऱ्या, कुंपणाचे सहा खांब, कोठीच्या दाराची कडी. काम संपलं की दुसरं शोधायचा. ताई जेवायला वाढायची, ताट समोर सरकवायची, बोलायची ती कामापुरतं. नऊ वर्षांचा विषय तिने काढला नाही. तो काढायला गेला तेव्हा ती उठून भांडी घासायला बसली, आणि भांडी अशी घासली की कल्हई उडावी.

बोलायचं होतं ते शेजारीण बोलली. पहिल्याच सकाळी कुंपणावरून डोकावून म्हणाली, “काय रे येतोच, आलास का?” सगळी वस्ती त्याला याच नावाने ओळखते हे त्याला तेव्हा कळलं. नऊ वर्षांपूर्वी आईला श्वास लागला होता, ताईने औषधाची चिठ्ठी हातात दिली होती, आणि तो सायकलवर टांग टाकून ‘येतोच’ म्हणाला होता. सायकल एसटीच्या थांब्यावर सापडली. औषध घेतलंच गेलं नव्हतं. आई चौथ्या दिवशी गेली. घरात घुमणाऱ्या त्या श्वासाच्या आवाजाला तो भ्यायला होता, दुसरं काही नाही. पण एवढंसं कारण नऊ वर्षांनी कुणाच्या पदरात टाकायचं?

पाठीत कळ आली. तो हलला नाही. आई कोंबडी बसवताना गुणगुणायची ते त्याच्या ओठांवर आलं.

सात दिवस उजेडाचे, सात दिवस उबेचे,
सात दिवस गप्प बसून वाट बघायचे.

पुढेही एक ओळ होती. रेघांची काहीतरी. दोघं भावंडं आईच्या दोन बाजूंना बसून ती म्हणायची, आणि ती ओळ आली की तो उठून पळायचा, एवढं त्याला आठवत होतं. कुठे पळायचा आणि का, ते काही केल्या आठवेना.

डावा पाय आधी मुंग्यांनी भरला, मग त्याचा असा राहिलाच नाही. पोतं हललं की दारातल्या उजेडाची पट्टी आत यायची आणि सरकलेली दिसायची. कधीतरी बेंबीच्या वरच्या अंगाला, आतून कुणीतरी हळूच टेकावं तसं त्याला जाणवलं. त्याने श्वास धरला. पुन्हा एकदा. मग काही नाही. तो श्वास सोडायलासुद्धा भीत राहिला.

फाटक वाजलं. नवी बिजागरी, कुरकुरली नाही; नुसती कडी वाजली.

“अरे, पोतं उतरवायला ये!”

“ये…” शब्द अर्ध्यावर आला आणि त्याने तो गिळला. जिभेवर आला तोही ‘येतोच’. “ताई, येता येत नाही!” तो ओरडला, पण पोट न हलवता ओरडायचं म्हणजे तो आवाज कितीसा. पत्र्याने तोही खाल्ला.

शिडी पत्र्याला टेकलेली, हातोडा खाली पडलेला, माणूस नाही, एवढं तिला दिसत असणार. मग पोतं जमिनीवर टाकल्याचा आवाज आला आणि पावलं निघाली. खुराड्याकडे नाही, घराकडे. ओसरीच्या तीन पायऱ्या चढून ती थांबली. ओसरीवर खुंटी होती, खुंटीला त्याची पिशवी होती.

पावलं बराच वेळ तिथेच थांबली.

परत आली तेव्हा ती सावकाश आली. दारावरचं पोतं बाजूला झालं आणि उजेडात ताईचा चेहरा दिसला. तिने आधी रिकामा खळगा पाहिला, मग त्याला.

“कोंबडी?”

“कुंपणात.”

“अंडी?”

त्याने मान खाली करून पोटाकडे दाखवलं.

“सांगितलं होतं ना?”

“पत्रा वाजत होता.”

“वाजू दे म्हटलं होतं.” तिने स्वेटरच्या गळ्यातून हात घालून एक अंडं गालाला लावून पाहिलं. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. “किती वेळ झाला?”

“तू गेलीस, त्याच्यानंतर थोड्या वेळाने.”

“म्हणजे तीन तास.” ती उकिडवी बसली. “मधे उठलास?”

“नाही.”

“एकदाही?”

“एकदाही नाही.”

ताई त्याच्याकडे बघत राहिली. त्या दिवशी बॅटरीपुढचं अंडं बघितलं होतं, तशी. मग ते अंडं तिने परत जागच्या जागी ठेवलं आणि उठली.

“तसाच पड. आणते तिला.”

तिने मास्तरणीला कसं धरलं ते त्याला दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं: आधी शुकशुक, मग एक सणसणीत शिवी, मग कोंबडीची. डोक्यावर फडकं टाकलेली मास्तरीण काखेत घेऊन ती आली. कोंबडी खळग्यात बसवून, एक हात तिच्या पाठीवर ठेवून, ताईने दुसरा हात पुढे केला. तो सदऱ्यातून एकेक अंडं काढून देत गेला, ती पंखाखाली सारत गेली. अकरावं आत गेलं तेव्हा तिने फडकं ओढून घेतलं. मास्तरणीने दोघांकडे बघितलं, अंग फुगवलं, अंडी चोचीने सारखी केली आणि बसली.

तो उठायला गेला आणि पेंढ्यात आडवा झाला.

“बस जरा,” ताई म्हणाली. “पाय बधीर झाले असतील.”

बारा दिवसांत कामाव्यतिरिक्त ती बोललेलं हे पहिलं वाक्य होतं.

एकविसाव्या दिवशी काही झालं नाही. सकाळपासून तो तीनदा खुराड्यापाशी गेला आणि तीनदा ताईने मागून विचारलं, “तू उबवतोयस का ती?” अंगावर कपडे होते तेच, पण पोटाशी अंडी नव्हती, आणि गारठा हाडात शिरल्यासारखं त्याला वाटत होतं. बाविसाव्याच्या पहाटे एका अंड्याला तडा दिसला. दुपारपर्यंत चार निघाली, उन्हं उतरेपर्यंत नऊ. ओली, केविलवाणी, आणि बघता बघता पिवळ्या कापसाची. दहाव्याने कवचाला भोक पाडलं, चोचीचं टोक बाहेर काढलं आणि तिथेच थांबलं. सकाळी ते तसंच होतं. ताईने ते उचललं.

“हे माझ्यामुळे,” तो म्हणाला.

“एखादं जातंच,” ती म्हणाली. परसात पेरूखाली तिने ते पुरलं. खड्डा त्याने खणला.

मग तो घरात गेला आणि दोन सदरे, स्वेटर, दाढीचं सामान पिशवीत भरलं. दुपारची गाडी होती. खुंटीची पिशवी खांद्याला लावून तो अंगणात आला, तेव्हा ताई खुराड्यातून कवचांचे तुकडे सुपात गोळा करत होती. मास्तरीण पिल्लं घेऊन उठली होती आणि टाकीच्या ओलाव्यात त्यांना पहिला धडा देत होती. कुंपणावर शेजारीण होती; ती नसती तरच नवल.

“निघाला का येतोच?”

तो ताईला म्हणाला, “जातो. पंप जरा गळतोय, पण चालेल. पत्र्याचा एक खिळा अर्धाच राहिलाय.”

ताईने सूप खाली ठेवलं. “सगळी निघाली की जा म्हणाले होते.”

“हो. निघालीच की.”

“कुठे निघाली?” तिने खळग्यात हात घातला आणि मूठ त्याच्यापुढे उघडली. “अजून एक राहिलंय.”

उन्हात ते अंडं त्याने पहिल्यांदाच नीट पाहिलं. कोंबडीच्या पोटाला घासून कोळसा फिकट झाला होता, तरी दिसत होता. बाकीच्यांवर एक रेघ होती. याच्यावर एकीशेजारी दुसरी होती.

आणि ती हरवलेली ओळ, कुणीतरी हाक मारल्यासारखी, आपसूक आली.

एका रेघेचं पंखाखाली, दोन रेघांचं मातीखाली.

आई अंडं उजेडापुढे धरायची. आत नुसता पिवळा प्रकाश, एकही लाल शीर नाही, असं दिसलं की म्हणायची, फोल आहे. आणि दुसरी रेघ ओढून ते त्याच्या हातावर ठेवायची. ते घेऊन तो परसात पळायचा, पुरायला. ते त्याचं काम होतं. ताईला ते माहीत होतं. कोठीच्या अंधारात, त्याला पाठमोरी बसून, आधी तिने रेघ ओढली होती, अंडं परत ठेवलं होतं, आणि मग म्हणाली होती: सगळी निघेपर्यंत.

“ताई, हे तर…”

“काय?”

तिची नजर त्याच्यावर होती. अंडं लहान असलं तरी तिने ते आता दोन्ही हातांनी धरलं होतं.

“काही नाही,” तो म्हणाला.

“अगं पण तेविसावा लागला!” कुंपणावरून आवाज आला. “त्यातून काय निघणार, घुबड? फुटलं ना, तर वस्ती सोडून पळावं लागेल वासाने. आणि तुझी मास्तरीण तर उठली!”

“उठली तर उठली. ती लंगडी कोंबडी कालपासून खुडूक होऊन बसलीये रिकाम्या टोपल्यात. तिच्याखाली ठेवते.” ताईने मान न वळवता सांगितलं. “कोंबडी माझी, अंडं माझं. तुला वास येईल तेव्हा नाक धर.”

ती वाकून आत गेली. आतून लंगडीची कुरकुर ऐकू आली, मग पेंढा सारखा केल्याची खसफस.

तो ओसरीच्या तीन पायऱ्या चढला. पिशवी खुंटीला लावली. पट्टा पिळला गेला होता, तो सोडवून पुन्हा नीट लावला. शिडीखाली हातोडा अजून पडला होता तिथेच होता. तो त्याने उचलला आणि वर, अर्ध्या राहिलेल्या खिळ्याकडे पाहिलं.

“ताई, तो चौथा ठोकून टाकू का आता?”

“नको,” ती आतून म्हणाली. “कोंबडी बसलीये.”