डावी सीट

"डावी सीट रिकामी ठेवू नकोस. काहीही झालं तरी. कळलं ना?"

"हो," मुंगी म्हणाली होती. ती आईच्या उशाशी बसून सफरचंद चिरत होती, आणि हो म्हणायला काही जोर लागत नाही. पण आईचं तेवढ्यावर समाधान झालं नाही. "शपथ नको, नुसता शब्द दे," ती म्हणाली. मुंगीने शब्द दिला आणि सफरचंदाची फोड पुढे केली. आईने ती हातात धरून ठेवली, खाल्ली नाही.

आता आई नव्हती. आणि मुंगी बाबांच्या ट्रकच्या केबिनमध्ये गुडघ्यांवर बसून तो शब्द पाळायच्या खटपटीला लागली होती. मांडीवर पुठ्ठ्याचा खोका होता, खोक्यात रस्ता सांगणारा नवाकोरा जीपीएस, आणि सोबत रबरी चकतीचा एक दांडा. तो कुठे बसवायचा, एवढाच प्रश्न होता.

मुंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून बाबांनी ते ठेवलं. पुढे ती चांगली आडव्या हाडाची झाली, पाणीपुरवठ्याचा टँकर चालवायला लागली, गल्लीबोळातून तो उलटा काढायला लागली, तरी बाबांच्या तोंडी मुंगीच राहिली आणि मग सगळ्यांच्याच. सध्या तिने टँकरवरून रजा घेतली होती. रजेत रडावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती. रडू येत नव्हतं. भाजीत मीठ आहे की नाही तेही कळत नव्हतं. ताटात आहे म्हणून ती खात होती. रडू यायचं तेव्हा येईल, असं धरून ती समोर येईल ते काम उरकत होती.

आजचं काम हे होतं. आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच खेप घेऊन निघणार होते. मागे शाळेचे बाक भरून झाले होते, ताडपत्री बांधून झाली होती. हे यंत्र बसलं की गाडी सुटणार होती.

मागे एकदा बाबांनी गाडीवरचा क्लीनर अचानक काढून टाकला आणि त्याच्या जागी आई जाऊन बसायला लागली. तेव्हा माल भरायच्या आवारात हसायला एक विषय झाला होता. म्हातारपणी फिरायची हौस आली, म्हणाले. आई कुणाला उत्तर द्यायची नाही. ती रोज पहाटे उठून, तोंडात पाण्याचा थेंब न घालता आधी गाडीकडे जायची आणि डावा आरसा, डावी काच फडक्याने लख्ख पुसायची. मगच तिचा चहा. हा तिचा नेम होता. ताप असला तरी मोडला नाही. आणि गाडी हलली की तिचं बोलणं सुरू व्हायचं. "सायकल. रिकामं. रिकामं. बाई आहे, कडेवर मूल. थांबा. आता रिकामं." घरात अबोल म्हणून ओळखली जाणारी बाई गाडीत बसली की तिच्या तोंडाला ब्रेक राहायचा नाही. मुंगी एकदा मागच्या बाकावर बसून त्यांच्याबरोबर गेली होती; उतरताना तिचं डोकं भणभणत होतं. तुम्हाला कसं सहन होतं, असं तिने बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, "सवय झालीय. ती बोलली नाही तर मला गाडी चालवता यायची नाही."

मुंगीला ते प्रेमाचं बोलणं वाटलं होतं.

म्हणून तिने आईच्या शब्दाचा सरळ अर्थ लावला. बाबांना एकटं वाटेल. डाव्या बाजूने कुणीतरी बोलत राहिलं पाहिजे. माणूस नाही तर नाही, आवाज तरी. आणि तिने बोलणारं यंत्र विकत आणलं.

"ताई, तुम्ही नुसतं बोट ठेवा, मी वायर ओढून देतो," खाली उभा असलेला वायरमन म्हणाला. आवाराच्या कोपऱ्यात त्याची टपरी होती आणि तोंडात कायम पक्कड. पक्कड तोंडात धरूनच तो बोलायचा, त्यामुळे त्याचा प्रत्येक शब्द चावून आल्यासारखा वाटायचा. "ही यंत्रातली बाई बरी हो काका. बोलेल, पण चहा मागणार नाही."

बाबा स्टेअरिंगमागे बसले होते. ते हसले नाहीत. वायरमनलाही मग आपण काय बोललो ते कळलं असावं. त्याने पक्कड काढून खिशात टाकली.

मुंगीने चकतीला थुंकी लावून ती काचेच्या मधोमध दाबली. "इथे?"

बाबांनी समोर पाहिलं. "नाही दिसत."

"उन्हामुळे?"

"असेल."

तिने चकती ओढून काढली. काचेवर ओला गोल उरला. मग तिने दांडा डॅशबोर्डच्या मधल्या सपाट भागावर धरला. तिथे आईच्या चष्म्याचं घर ठेवलेलं असायचं. प्लॅस्टिक तेवढंच कमी विटलं होतं, लांबट काळं. "इथे बरं. काच पण मोकळी राहते."

"तिथे नको गं."

"आईची जागा म्हणून?"

बाबा म्हणाले, "दिसत नाही तिथे."

हवेच्या जाळीला लावून पाहिलं, तर जाळीची पट्टी मोडून तिच्या हातात आली. वर, ऊन अडवायच्या झडपेजवळ लावलं, तर यंत्र मान टाकून लोंबकळलं. वायरमन म्हणाला, "ह्याला कुठेच करमत नाही." शेवटी बाबांनीच हात लांब करून यंत्र घेतलं आणि अगदी उजवीकडे, आपल्या दाराच्या खांबाला लागून काचेवर चिकटवलं. "इथे. इथे झकास."

"काका, अहो, तिथे कसं चालेल?" वायरमन पायरीवर चढला. "उजवा आरसा अर्धा झाकला. चौकात आडवा माणूस आला तर ह्या डब्याच्या मागे जाईल."

"मला इथेच दिसतं," बाबा म्हणाले. "मी चालवणार आहे ना? मग लाव तू वायर."

"लावतो बापडा. वायरच कमी पडेल," म्हणत वायरमन टपरीकडे गेला.

मुंगी खाली उतरली. जिथे तिथे दिसत नाही म्हणणारा माणूस सगळ्यात वाईट जागेला झकास म्हणतो, हे तिच्या मनात कुठेतरी अडकलं, पण हल्ली मनात काही फार वेळ टिकत नव्हतं. ती डाव्या दाराशीच उभी राहिली. तिथे तिला डावा आरसा दिसला. धूळ इतकी की त्यावर बोटाने नाव लिहावं. आई गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. तिने वाकून पलीकडचा उजवा आरसा पाहिला. तो चकचकीत होता. बाबांनी आज सकाळीच पुसलेला. एक पुसला आणि एक विसरले?

मग तिची नजर खाली गेली. डाव्या मडगार्डवर लांब ओरखडा होता, ताजा, रंग उडून आतला पत्रा दिसत होता. काल गाडी घराजवळून आवारात आणताना फाटकापाशी गाडीला कुणीतरी घासून गेलं, असं बाबा म्हणाले होते. फाटकाचा खांब जागच्या जागी होता. त्याला गाडीचा निळा रंग लागला होता.

तिला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. ती फक्त डावं दार उघडून आईच्या सीटवर चढून बसली. सीट एका बाजूने जास्त खचलेली होती, खिडकीच्या बाजूने.

"बाबा, ते काढा बरं जरा, द्या इकडे. एकदा नीट बघू. तुम्ही समोर फाटकाकडे बघा. मान वळवायची नाही. मी हे हळूहळू सरकवते, कुठवर दिसतं ते सांगा."

"हा काय पोरखेळ?"

"बघा हो."

बाबांनी समोर नजर लावली. मुंगीने यंत्र त्यांच्या पुढ्यातून डावीकडे आणायला सुरुवात केली. पडद्यावर हिरवा रस्ता होता आणि त्यावर एक बाण.

"दिसतंय?"

"दिसतंय."

तिने ते डॅशबोर्डच्या मध्यावर आणलं. "आता?"

"दिसतंय की."

मघाशी तिथेच दिसत नव्हतं. मुंगीने यंत्र खाली आणून आपल्या मांडीवर पालथं ठेवलं. तिचे हात मोकळे होते. तिने ते बाबांच्या बाजूला, हवेत, काहीही न धरता उचलले.

"आणि आता?"

बाबांनी विचार केल्यासारखं केलं. "हां. इथे बरं आहे. इथे लावलंस तरी चालेल."

बाहेर वायरमन वायरीचं भेंडोळं सोडवत शीळ घालत होता. मुंगीने हात खाली घेतले. बाबा तिच्या बोलण्याची वाट बघत फाटकाकडेच पाहत राहिले. मान न वळवता. सांगितलं होतं तसं.

"बाबा, माझ्या हातात काही नाहीये."

त्यांची हनुवटी किंचित हलली. मग त्यांनी पूर्ण मान वळवली, खूप वळवली, आणि त्यांना तिची मांडी आणि तिच्यावरचं पालथं यंत्र दिसलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"क्लीनरला काढलं तेव्हापासून." त्यांचा आवाज हिशेब दिल्यासारखा सरळ होता. "एका सकाळी उठलो तर डावीकडचं काही नव्हतंच. अंधार नाही गं. अंधार असता तर कळलं असतं. नव्हतंच. ताटातली अर्धी भाकरी मी तशीच ठेवून उठलो, तेव्हा तुझ्या आईला कळलं. डॉक्टर म्हणाला, डोक्यातली बारीकशी नस. डोळे चांगले आहेत म्हणाला. मी म्हटलं, आता गाडी गेली. तर ती म्हणाली, मी बघते डावीकडचं."

मी बघते डावीकडचं. मुंगीला आईचा आवाज ऐकू आला, अगदी तोच, भाजी मी बघते, दूध मी बघते, त्यातला.

"आणि कुणाला लागलं असतं म्हणजे?"

"म्हणून तर ती क्षणभर गप्प बसायची नाही. शिंक आली तरी आधी 'थांबा' म्हणायची आणि मग शिंकायची."

"बाबा, हे चूक होतं."

"होतं."

"दोघांचं."

"माझं. ती रोज रात्री म्हणायची, बास करू. मी म्हणायचो, ही एवढी खेप. तिचं काय चुकलं ते तिला नको विचारू आता."

"आणि आज? आज कोण बघणार होतं?"

बाबांनी डावा हात सीटच्या दिशेने नेला, तिला शोधत, आणि तो मधल्या गिअरच्या दांड्यावर आपटला. मुंगीने तो धरला. हात जड होता, कोरडा. तो हातात असताना तिला काहीतरी वाटायला हवं होतं. ती वाट बघत राहिली. काही आलं नाही. फक्त आपण उशाशी बसून चिरलेलं ते सफरचंद आठवलं, आणि आईने फोड का खाल्ली नाही तेही आता समजलं. ती बोलायच्या तयारीत असणार. पोरीला सांगावं की नाही, हे ठरत नव्हतं. म्हणून शेवटी अर्धंच सांगितलं आणि उरलेल्याचा शब्द घेतला.

"चावी द्या," मुंगी म्हणाली.

"माल पोचवायचाय, मुंगे. शाळा उघडतेय. पोरं काय जमिनीवर बसतील?"

"मी नेते. मला लायसन्स तुम्हीच काढायला लावलंत."

"आणि उद्या?"

"उद्यालाही मीच. नाहीतर आपण गाडी विकू. पण तुम्ही स्टेअरिंगमागे नाही बसायचं. आज नाही, कधीच नाही."

बाबा बराच वेळ स्टेअरिंग धरून बसले. ज्या जागी त्यांचे अंगठे असायचे तिथलं आवरण झिजून गुळगुळीत झालं होतं. मग त्यांनी चावी काढली. जुडग्यात घराची चावीही होती. नखाने कडी फाकवून त्यांनी घराची चावी सोडवली, ती आपल्या खिशात टाकली, आणि गाडीची तेवढी तिच्या तळहातावर ठेवली.

"क्लच टोकावर धरतो," ते म्हणाले. "टँकरसारखा नाही. लाड कर त्याचे जरा."

ते उजवीकडून उतरले आणि गाडीच्या तोंडावरून हात फिरवत फिरवत पलीकडे निघाले. हेडलाइट, नंबराची पाटी, दुसरा हेडलाइट. वायरमनने ते पाहिलं आणि शीळ थांबवली. मुंगी सरकून स्टेअरिंगमागे आली, सीट पुढे ओढली, आणि न शोधताच तिला जागा सापडली: स्टेअरिंगच्या डावीकडे, डॅशबोर्डवर खाली, काच मोकळी, आरसे मोकळे, हात सहज पोचतोय.

"इथे," ती वायरमनला म्हणाली. "चकती नको. स्क्रूने पक्कं कर."

"हे बघा. मघापासून हेच तर म्हणत होतो," तो म्हणाला. म्हणत काही नव्हता. पण त्याने दोन मिनिटांत यंत्र बसवलं, वायर कडेने दडवली, आणि पैसे परत आल्यावर बघू म्हणत उतरला.

बाबा डाव्या सीटवर बसले. खचलेल्या बाजूला ते आपोआप कलले. मग म्हणाले, "इथून मला खिडकी दिसत नाही. तुझा चेहरा तेवढा दिसतो."

"पुरे की."

यंत्रातली बाई बोलायला लागली. फाटकातून बाहेर पडा, म्हणाली. मुंगीने चावी अर्धी फिरवली आणि थांबली. दाराच्या कप्प्यात आईचं फडकं होतं, घडी घातलेलं. ते घेऊन ती खाली उतरली, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेली, चाकावर पाय देऊन वर चढली आणि डावा आरसा पुसायला लागली. आधी धूळ, मग उरलेले पट्टे, मग तोंडाची वाफ देऊन कडा. सकाळपासून तिने चहा घेतला नव्हता, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

परत वर येऊन तिने हँडब्रेक सोडला. गाडी फाटकाकडे सरकायला लागली. निळा रंग लागलेला खांब डाव्या आरशात आला, आरशातून हळूहळू मागे गेला. तिला तो स्पष्ट दिसत होता. कुणाला सांगायची गरज नव्हती.

"रिकामं," तरी ती म्हणाली.