बायजीच्या माळेतला राणीछाप

मित्रांनो, मी एक जुना राणीछाप रुपया आहे आणि मार खातच जन्माला आलो. मुंबईच्या टांकसाळीत चांदीच्या चकतीवर पोलादी ठसा असा काही आदळला, की माझ्या एका गालावर राणी उमटली आणि दुसऱ्यावर वेलबुट्टी. त्यानंतर ज्याला ज्याला माझी पारख करायची होती, त्याने आधी मला बडवलं. कोणी दगडावर आपटलं, कोणी दाढेखाली चावलं. डहाणूच्या लाकडाच्या वखारीतल्या मुनीमाने तर राणीच्या हनुवटीखाली छिन्नीच घातली. आतही चांदीच निघाली म्हणून तो हसला. मला मात्र तो घाव जन्माचा चिकटला.

मजुरीतून मी सायवनच्या एका वारली घरात आलो. तिथे सोनाराने आगीत धरून, डाक देऊन, म्हणजे वितळलेल्या धातूचा जोड लावून, माझ्या डोक्यावर कडी बसवली आणि माझ्यासारख्या इतर रुपयांबरोबर मला माळेत ओवलं. त्या आगीबद्दल माझी तक्रार नाही, कारण त्यानंतर मला गळा मिळाला. त्या घरची रीत अशी, की मांडवात लग्न लावणारी धवलेरी गाऊ लागली की आईने आपल्या गळ्यातली माळ काढून लेकीच्या गळ्यात घालायची. अशी लेकी-लेकींतून फिरत माळ बायजीकडे आली. बायजीची लेक तापाने गेली. मागे नातू संदीप आणि नात दक्षा. दोघांना तिनेच वाढवलं. आता तिला एवढंच हवं होतं, की चैत्रात दक्षाच्या लग्नात ही माळ आपल्या हाताने तिच्या गळ्यात घालावी.

नरपडचे प्रविणकाका बाजाराच्या दिवशी सायवनला यायचे. डहाणूत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं लहानसं दुकान, आणि नाद एकच, ब्रिटिशांच्या काळातली नाणी जमवण्याचा. एकदा बायजीच्या अंगणात मला पाहताच त्यांचे डोळे लकाकले.

"आजी, हा एक द्याल?"

"नाय द्यायचा, भाऊ. ही दक्षाची माळ हाय."

"बरं. मग नुसता ठसा घेऊ?"

काकांनी माझ्यावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल हलकेच घासली. राणी कागदावर उतरली, छिन्नीच्या घावासकट. "राणीला गुदगुल्या करतोस काय रं?" म्हणत बायजी खो-खो हसली. मला इतक्या हलक्या हाताने कोणी कधी ओळखून घेतलं नव्हतं, म्हणून हा माणूस मला फार आवडला. पुढे दर बाजाराला ते माळेतल्या एकेका रुपयाचा ठसा घ्यायला येऊ लागले.

पण संदीप दारातून पाहत होता. घोलवडला चिकू पॅकिंगचं काम करायचा, आणि मोबाईलवर जुनी नाणी विकून लखपती होण्याचे व्हिडिओ बघायचा. पी हळद आणि हो गोरी, असला सगळा मामला. एका कागदाच्या तुकड्यासाठी माणूस एवढे हेलपाटे घालतो, म्हणजे माळेत नक्कीच घबाड आहे, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

लग्न तोंडावर आलं होतं. दक्षा पाण्याला गेली होती आणि बायजी अंगणात नाचणी पाखडत होती. संदीपने मागून माळ धरली आणि हिसका दिला. दोरा तुटेना. म्हातारी फरफटली, सूप उलटलं, दोरा तिच्या मानेत रुतला. तिचा श्वास कोंडताना मी तिच्या गळ्यावरच होतो. संदीपने कुडाला खोचलेला विळा ओढला. दोरा वाचवायला बायजीने पातं मुठीत धरलं, आणि त्याने ते तसंच खेचलं. दोरा तुटला, आणि मी तिच्या रक्तात न्हालो. हा तिच्याच हातचा घास खाऊन मोठा झालेला पोर होता, मित्रांनो!

पुढे त्याने आम्हाला 'नवं' केलं. पकडीने कड्या तोडल्या, डाकाच्या खुणा कानशीने घासल्या, आणि ॲसिड ओतून तारेच्या घासणीने रगडलं. राणीचं नाक गेलं, केसांची वेणी गेली. आम्हाला चकचकीत करून तो प्रविणकाकांच्या दुकानात आला आणि म्हणाला, "आजीनेच विकायला दिलेत."

काकांनी मला उलटसुलट करून पाहिलं. हनुवटीखालची छिन्नीची खूण कानशीलाही पुसता आली नव्हती.

"हा माळेतला आहे. कड्या कोणी तोडल्या?"

"तुला काय करायचंय? भाव बोल."

"अरे, घासलेलं नाणं जमवणारा कोणी हातात धरत नाही. माळ होती ती तू मोडलीस, आणि नाणंही ठेवलं नाहीस. आजी कुठंय? खरं सांग."

"चोर साला! भाव पाडतोस काय!" चोराच्या उलट्या बोंबा! संदीप मला घ्यायला झेपावला. काकांनी मूठ मिटली. त्याने ती मूठ काउंटरवर दाबली आणि लोखंडी स्टूल उचलून तिच्यावर हाणलं. मग पुन्हा हाणलं, पुन्हा हाणलं. काचेचा चुरा झाला, घड्याळांचे काटे विखुरले. माझ्याभोवती एकेक बोट मोडत होतं आणि तरी मूठ उघडत नव्हती. "सोड, काका, सोड ना!" असं शेवटी संदीपच रडत ओरडत होता आणि मारत होता. शेजारचे धावले, त्यांनी त्याला दाबून धरलं. पुढे पोलिस आले.

पोलिसांकडून आमची रीतसर सुटका झाल्यावर काका आम्हाला घेऊन सायवनला आले. त्यांचा उजवा हात प्लास्टरात, बायजीच्या उजव्या तळव्यावर आणि बोटांवर टाके. दोघं कुडाशी बसून राहिली.

"सोनाराकडून परत कड्या लावून आणू?" काकांनी विचारलं.

"नको, भाऊ. लय सोसलं त्यांनी. आता आग नको," बायजी म्हणाली. मग दक्षानेच लुगड्याच्या काठाचा पट्टा शिवला आणि त्याच्या लहान लहान कप्प्यांत आम्हाला बसवलं.

चैत्रात मांडवात धवलेरी गाऊ लागली. बायजीने पट्टा दक्षाच्या गळ्याला लावला, पण तिच्या कापलेल्या बोटांना गाठ मारता येईना. काका पुढे झाले, त्यांनाही येईना. तेव्हा दक्षाने दोघांचे हात आपल्या मानेवर तसेच धरले आणि त्यांच्या बोटांवरून स्वतःच गाठ मारली. बायजी रडली. संदीप मात्र तुरुंगात होता, आणि ती त्याच्यासाठीही रडली, हे मला ठाऊक आहे.

काकांना आता घड्याळाचा स्क्रू धरता येत नाही. ते दुकानात पट्टे आणि सेल विकतात.

मित्रांनो, नाणी जरूर जमवा. मला जपा असं मात्र मी म्हणणार नाही. मी चांदीचा आहे, आणखी दोन-तीन पिढ्या सहज काढीन. तुम्ही माणसाचा गळा जपा, माणसाची बोटं जपा. मी मोडलो तर वितळवून दुसरा रुपया पाडता येतो. प्रविणकाकांची बोटं कुठे पाडून मिळतात, ते मला सांगा.