नववं निशाण

नऊ नंबरच्या निशाणाची गाठ काही सुटेना. सर्व्हेअरने चष्मा कपाळावर सरकवला, नखाने दोरी सैल केली आणि केशरी-पांढरं कापड खांद्यावरच्या पिशवीत कोंबलं. शेजारी लटकणारा छोटा पंच, कार्डाला भोकं पाडायचा चिमटा, तोही काढून घेतला. मग सवयीप्रमाणे नकाशावरच्या नवव्या गोलावर फुली मारायला त्याने पेन उघडलं आणि ते तसंच हातात राहिलं.

नकाशात गोल भिंतीच्या पूर्वेला होता. तो उभा होता पश्चिमेला.

भिंत समोर, दुपारचं कललेलं ऊन पाठीवर. पस्तीस वर्षं जमिनी मोजलेल्या माणसाला याहून जास्त पुरावा लागत नाही. तरी त्याने खिशातून होकायंत्र काढून पाहिलंच. होकायंत्राने काही त्याची बाजू घेतली नाही.

सकाळचं सगळं मग ओळीने आठवलं. बंद पडलेल्या छापखान्याचं हे आवार, आणि भिंतीच्या पलीकडे जायच्या फाटकाला कुलूप. राखणदार चावी घेऊन साडेआठला येणार होता. तोवर निशाण अलीकडेच बांधून ठेवू, चावी आली की हलवू, असं म्हणून त्याने ते तात्पुरतं बांधलं. चावी आली तेव्हा तो टेबलं मांडत होता. फाटक उघडलं गेलं, निशाण राहिलं.

हंगामात अशा आठ छोट्या शर्यती असत, एक रविवार सोडून एक. हातात नकाशा घ्यायचा, ठरलेली निशाणं क्रमाने शोधत पळायचं आणि प्रत्येक ठिकाणच्या पंचने कार्डावर भोकं पाडायची. दर पंचच्या भोकांची नक्षी निराळी, त्यामुळे लबाडीला वाव नाही. एक चौकोन रिकामा राहिला की माणूस बाद, गुण शून्य. पहिल्याला शंभर, मग खाली खाली. आठही शर्यतींची बेरीज ज्याची जास्त, त्याला फिरता चषक. अठरा वर्षं ही मालिका सर्व्हेअर भरवत होता. अठरा वर्षांत एकही शर्यत रद्द झालेली नव्हती, आणि ही गोष्ट तो कुणी न विचारताही सांगत असे.

नियमही त्याचेच. त्यातला पहिला असा, की निशाणं लावणाऱ्याने ती तपासायची नाहीत. दुसऱ्याच माणसाने नकाशा घेऊन फिरायचं आणि कागदावर ‘तपासणारा’ या चौकटीत सही करायची. हा दुसरा माणूस म्हणजे त्याची बायको. आज तिचा गुडघा सुजला होता.

“शेजाऱ्यांना पाठवा, कुणालाही पाठवा, पण तुम्ही स्वतः तपासू नका हो,” ती म्हणाली होती.

“मला काय कळत नाही का?” असं म्हणून त्याने दोन्ही चौकटींत सही ठोकली होती.

आठव्या निशाणाच्या पायऱ्यांवरून हे नववं सरळ नजरेला पडायचं. दिसलं की पळायचं, मग नकाशा बघतो कोण! म्हणून कुणाच्या काही लक्षात आलं नाही. बत्तीसपैकी एकतीस कार्डांवर नवव्या चौकोनात भोकं होती. एक चौकोन कोरा होता, तो डॉक्टरीणबाईंचा.

डॉक्टरीणबाई दातांच्या डॉक्टर, वय अठ्ठावन्न. पळताना त्यांची नजर नकाशातून वर येत नसे, त्यावरून लोक त्यांची थट्टाही करत. सातव्या शर्यतीअखेर त्या तीन गुणांनी पहिल्या होत्या. दुसरी होती सर्व्हेअरची लेक, शहरात बस चालवणारी, दहा वर्षं या चषकामागे धावणारी. आज डॉक्टरीणबाई बाद झाल्या आणि चषक लेकीला मिळाला. तासाभरापूर्वी त्यानेच तो तिच्या हातात दिला होता. फोटोत तिच्यापेक्षा तोच जास्त हसत होता.

आजची शर्यत रद्द धरली, तर सातच शर्यतींचे गुण उरतात आणि चषक डॉक्टरीणबाईंकडे जातो. हे गणित करायला त्याला कागद लागला नाही. त्याने पिशवीचं तोंड आवळलं आणि तो गाडीकडे निघाला.

मैदान रिकामं झालं होतं. डॉक्टरीणबाई मात्र थांबलेल्या, घडीचं टेबल हातात धरून.

“साहेब, हे डिकीत ठेवू का?”

“राहू द्या हो, मी ठेवतो.”

“एक सांगायचं होतं. पुढच्या हंगामात मला धावायला धरू नका. पाणी वाटीन, कार्डं तपासीन, सांगाल ते करीन.”

“एका शर्यतीत बाद झालात म्हणून?”

“बाद झाल्याचं काही नाही हो.” त्यांनी टेबल गाडीला टेकवलं. “मी भिंतीच्या पूर्वेला बरोबर कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. नकाशा हातात, कोपरा समोर, आणि निशाण नाही. परत आठवर गेले, पुन्हा मोजत मोजत आले. तरी नाही. सगळ्यांना दिसलं, मला एकटीला दिसलं नाही.”

सर्व्हेअर डिकीचं झाकण धरून उभा राहिला.

“माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं,” त्या म्हणाल्या. “पहिल्यांदा बाजाराचा रस्ता चुकली. मग घराचा. मग मला ओळखेना. मला भीती वाटते हो. मी लोकांच्या तोंडात हत्यारं घालते दिवसभर. असल्या डोक्याने ते बरं नाही. उद्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेणार आहे. काही निघालं तर दवाखाना बंद करीन.”

“तसं काही नसेल.”

“मग काय असेल? तुमचं निशाण चुकलं असेल?” त्या हसल्या. “अठरा वर्षांत चुकलंय कधी?”

पिशवी त्याच्या खांद्यावर होती. आतल्या कापडाचा एक कोपरा बाहेर आलेला, तो त्याने आत सारला.

“दमला असाल. घरी जाऊन पडा जरा,” तो म्हणाला. बोलताना त्याला स्वतःची लाज वाटली, आणि तरी तो तेवढंच बोलला.

घरी चषक पुस्तकांच्या कपाटावर ठेवला होता. बायकोने तो पुसून चकचकीत केला होता. जेवताना लेक चषकाकडे पाठ करून बसली होती.

“आज तुला पाच मिनिटं जास्त कशी लागली गं?” त्याने विचारलं. चषक जिंकली तरी आजच्या शर्यतीत ती पाचवी आली होती.

“पाय जड झाले होते.”

“जिंकलीस ना, मग चेहरा का असा?” आई म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. “आणि तुमचा का?”

त्याने भात परत घेतला, आणि मग तो संपेना.

दुसऱ्या दिवशी तो दुपारपर्यंत घरात इकडून तिकडे फिरला. बायकोने दोनदा विचारलं काय हरवलंय. शेवटी नकाशाची गुंडाळी काखोटीला मारून तो दवाखान्यात गेला.

“वेळ घेतली आहे का?” बाहेरच्या मुलीने विचारलं.

“नाही.”

“फार दुखतंय का?”

“हो,” तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्चीत बसवलं, खुर्ची मागे झुकवली, वरचा दिवा लावला. तो तसाच उताणा पडून छताशी बोलल्यासारखा बोलला.

“नऊचं निशाण पश्चिमेला होतं. मीच बांधलं आणि मीच विसरलो. तुम्ही उभ्या होतात ती जागा बरोबर होती. तुमचं काही चुकलं नाही.”

त्यांनी दिवा बंद केला. हातातला छोटा आरसा ट्रेमध्ये ठेवला.

“काल मी बोलत होते, तेव्हा माहीत होतं तुम्हाला?”

“हो.”

“मी आईचं सांगत होते तेव्हा?”

“हो.”

त्यांनी एक हातमोजा काढला, मग दुसरा. दोन्ही नीट उलटून टोपलीत टाकले.

“काल रात्रभर मी नातेवाइकांचे फोन नंबर म्हणत बसले होते,” त्या म्हणाल्या. “कुठला विसरले का ते बघत. चुलतभावाच्या नंबरचा शेवटचा आकडा आठवेना, तर रडले.”

सर्व्हेअर उठून बसायला लागला, पण खुर्ची अजून मागेच झुकलेली होती. त्याला धड बसताही येईना.

“माफ करा,” तो म्हणाला.

“आज नाही जमणार.” त्यांनी पायाने कळ दाबली आणि खुर्ची सरळ केली. “चषकाचं मला काही नाही. पण हे शर्यतीच्या ग्रुपवर सगळ्यांना कळायला हवं. तुमच्या नावाने.”

“लिहून ठेवलंय. आधी घरी सांगतो, मग पाठवतो.”

“बरं. उठा आता, बाहेर खरे पेशंट खोळंबलेत.”

तो दारापाशी पोचल्यावर त्यांनी हाक मारली.

“साहेब, तो कोपरा. भिंतीला तिथे पाण्याचा नळ आहे ना, मोडका?”

“आहे. पूर्वेच्या बाजूला.”

“हं,” त्या म्हणाल्या आणि नवे हातमोजे घ्यायला वळल्या.

घराचं दार उघडंच होतं. लेक दुपारपाळीच्या गणवेशात चपलांच्या कपाटापाशी खाली बसून बूट घालत होती. शेजारी कापडी पिशवी. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी उंच, आणि कागदाच्या फटीतून चषकाचा एक कान दिसत होता.

“हे कुठे नेतेस?”

“डेपोच्या वाटेवर डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. देऊन पुढे जाते.” तिने त्याच्या काखेतली गुंडाळी पाहिली. “तुम्ही जाऊन आलात वाटतं.”

“तुला कसं कळलं?”

“मीही आधी पूर्वेलाच गेले होते, बाबा. नळापाशी. काही सापडेना म्हणून भिंतीला वळसा घालून आले. तुमची पाच मिनिटं तिथे गेली.”

त्याने भिंतीला हात टेकला.

“मग काल बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून.” तिने पहिल्या बुटाची नाडी ओढली. “चषक घेताना बोलाल असं वाटलं. मग वाटलं, जेवताना बोलाल. हवा तर मलाही होता ना तो, दहा वर्षं. म्हणून मीही गप्प बसले.”

आतून बायकोने विचारलं, “कोण आलंय?”

“मीच आहे,” तो म्हणाला.

त्याने फोन काढला. सकाळपासून लिहून ठेवलेल्या चार ओळी पुन्हा वाचल्या. खाली एक वाढवली: तपासणीची सहीही माझीच होती. आणि पाठवून दिलं.

आत बायकोचा फोन वाजला. लेकीच्याही खिशात वाजला. तिने तो काढून पाहिला नाही. दुसऱ्या बुटाची नाडी बांधली, उठली आणि चषकाची पिशवी त्याच्यापुढे धरली.

“चला,” ती म्हणाली. “तुम्हीच द्या.”